बाबा गाळायचे ती पानं

आमच्या घरात रोज दिवेलागणीला शास्त्रवाचन व्हायचं. सेनगावच्या कडेला, जिथं घरं संपून तुरीची रानं सुरू व्हायची, तिथं आमच्या ख्रिस्ती मंडळीचं पत्र्याचं प्रार्थनाघर होतं आणि त्याला खेटून पाळकासाठी बांधलेल्या दोन खोल्या. माझे वडील तिथले पाळक. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी निवायला लागला की कडकड वाजायचा, त्या आवाजात बाबा चटईवर मांडी घालून वाचायला बसत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, क्रमानं, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पण मधेच कधी त्यांचा आवाज अडखळायचा. ते खाकरायचे, बोटाला थुंकी लावायचे आणि दोन-तीन पानं एकदम उलटून पुढं जायचे. माझी धाकटी बहीण शीला एकदा म्हणालीसुद्धा, “बाबा, मधलं राहिलं की.” बाबा म्हणाले, “ते मोठ्यांसाठी आहे.” आईनं चुलीतलं लाकूड उगाचच मागं ओढलं. मोठ्यांनी ती पानं कधी वाचली, ते मला माहीत नाही. आमच्यासमोर तरी कधीच नाही.

आई सरकारी उपकेंद्रात नर्स होती. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, सकाळी मिळेल त्या जीपनं जायची, ती दिवस कलल्यावर धुळीनं माखून यायची. आसपासच्या गावांतल्या किती बायांची बाळंतपणं तिनं केली असतील, त्याला गणती नाही. परक्या घरच्या नव्या सुनांना ती दारात बसून सगळं समजावून सांगायची. मी ते लांबून पाहिलं होतं. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, आई मात्र हसायची नाही. पण तेच शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मी शहाणी झाले त्या दिवशी तिनं मला घडी घातलेलं कापड दिलं, ते कसं धुवायचं ते सांगितलं आणि म्हणाली, “आता जपून राहायचं.” मग भाकरी टाकायला गेली. कशापासून जपायचं ते तिनं सांगितलं नाही. मी कितीतरी दिवस उन्हापासून, ताकापासून आणि शेजारच्या मांजरापासून जपत होते.

हिंगोलीत माझ्याकडे हल्ली मंडळीतले आईबाप येतात. मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षं झाली. तरी येतात, खुर्चीच्या टोकावर बसतात, चहा गार होऊ देतात. पोराच्या हातात फोन आहे, पोरगी दार लावून घेते, काय बोलावं, कसं बोलावं. परवा एकानं विचारलं, “बाई, किती वर्षांचं झालं की सांगावं?” मी म्हटलं, “तुमच्या आधी दुसरं कुणी सांगेल, त्याच्या आत.” त्याला ते आवडलं नाही. मीही तसं उगाच म्हणत नाही. ते कुठून येतं, हे लिहून ठेवावं म्हणून हे प्रकरण.

आमच्या मंडळीत प्रभाकरमामा होते. नात्यानं कुणाचेच मामा नव्हते. वसमतकडून आले होते, गावातल्या एका खासगी शाळेत शिकवायचे आणि पेटी अशी वाजवायचे की रस्त्यानं जाणारे शेतकरी बैलगाडी थांबवून ऐकत. त्याआधी ते दुसऱ्या एका गावच्या मंडळीत होते. तिथून काहून सोडून आले, हे कुणी विचारलं नाही. पेटी वाजवणारा माणूस मिळाला, याचाच आम्हाला आनंद. आईला ते ताई म्हणायचे. संध्याकाळचा चहा आमच्याकडे, कधी जेवणही. तुरीच्या डाळीचं घट्ट वरण, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि करडईच्या तेलात परतलेला ठेचा. ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं की ते म्हणायचे, “ताई, तुमच्या हातचं खाऊन माणूस पापाची कबुली देईल.” आम्ही सगळे हसायचो. शीला त्यांच्या पाठीवर चढायची.

त्या वर्षी नाताळच्या गाण्यासाठी त्यांनी दोन मुली निवडल्या, मला आणि रूथला. रूथ माझ्याच वर्गात होती. जवळच्या खेड्यावरून यायची, तिचे वडील धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे, आई रत्नाबाई लोकांच्या रानात कापूस वेचायची. रूथचा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता. शाळा सुटली की आम्ही दोघी प्रार्थनाघरात जायचो. मामा आधी दोघींना एकत्र शिकवायचे, मग एकीला थांबवून घ्यायचे. दिवाळीपर्यंत बहुधा रूथच थांबायची. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. ताप येतो म्हणे, अन्न जात नाही. शाळेतही येईना. रविवारी रत्नाबाई तिला घेऊन आली की ती मागच्या भिंतीला टेकून बसायची आणि गाणं सुरू झालं की बाहेर जायची. बाबांनी तिच्या तापासाठी सगळ्या मंडळीला प्रार्थना करायला लावली. प्रभाकरमामांनी सगळ्यांत लांब प्रार्थना केली.

मग थांबायची पाळी माझी आली. सुरुवातीला मला त्याचा अभिमानच वाटला. ते म्हणायचे, “करुणा, तुझ्या गळ्यात देव हाये.” वहीत ठेवायला मोरपीस दिलं, केसांना लाल रिबीन दिली आणि म्हणाले, “शीलाला दाखवू नको, रडंल ती. हे आपल्या दोघांचंच.” सूर लावताना खांद्यावर हात ठेवायचे. तो हात सूर संपला तरी खांद्यावरच राहायचा. मग दार लोटून घ्यायला लागले, वाऱ्यानं पेटीचा सूर उतरतो म्हणून. मला ते नको वाटायचं. पण नको वाटतं ते नेमकं काय, याला माझ्याजवळ नाव नव्हतं. मारणं माहीत होतं, रागावणं माहीत होतं, चोरी माहीत होती. हे त्यातलं काहीच नव्हतं. आणि त्यांच्याइतकं गोड तर माझ्याशी घरातलंही कुणी बोलत नव्हतं.

एकदा चुलीजवळ मी आईला म्हटलं, “मला गाणं म्हणायचं न्हाई.”

“काहून?”

“मामा बराबर न्हाईत.”

“रागवले का?”

“न्हाई.”

“मारलं?”

“न्हाई.”

“मंग?”

त्या ‘मंग’च्या पुढं मला जाता आलं नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तशी आई ती उलटायला वळली. बाबा बाहेरून म्हणाले, देवानं दिलेला गळा लपवू नये. विषय तिथंच संपला.

नाताळ जवळ आला तसा प्रार्थनाघराला चुना द्यायला सुरुवात झाली. बाकं अंगणात काढली, पेटी मामांच्या खोलीवर नेली. शुक्रवारी मामा मला फाटकाशी गाठून म्हणाले, “उद्या शाळा सकाळची हाये ना? चार वाजता खोलीवर ये. एकटीच ये, शीलाला आणू नको. ती बडबड करती, सूर बिघडतो.” मी मान हलवली. रात्रभर मला वाटत होतं, उद्या आपल्याला ताप यावा. रूथसारखा.

शनिवारी बाबा एका खेड्यावर प्रार्थनेला गेले होते. मी शाळेतून आले आणि भाकरी खाऊन ताट घासत होते, तोच जीप थांबल्याचा आवाज आला. आई भर दुपारी घरी आली होती. असं कधी होत नसे. तिनं पिशवी खुंटीला न लावता दारातच टाकली आणि न्हाणीत जाऊन हात धुवायला लागली. साबण लावायची, धुवायची, परत साबण लावायची. मी विचारलं, “बरं न्हाई का?” शीलाला शेजारी पाठवलं, दाराला आतून कडी लावली आणि मला समोर बसवलं.

“आज केंद्रावर एक लेकरू आणलं होतं,” ती म्हणाली. “लांबच्या गावचं, तुझ्याएवढंच. पोट दुखतं म्हनून आईनं आणलं. मी तपासलं. दिवस भरत आले होते, करुणा. मी इचारलं, बाई, तुला समजलं न्हाई का? तर ते म्हनलं, सिस्टर, असं केल्यानं असं होतं, हे मला कुनी सांगितलंच न्हाई.”

मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही ती रडली नाही. म्हणाली, “तिच्या आईवर मी वरडणार होते. तोंड उघडलं आन् मला तू दिसलीस.”

मग तिनं सांगायला सुरुवात केली. तुरीची एक वाळकी काडी घेऊन तिनं सारवलेल्या जमिनीवर चित्र काढलं, जसं ती गावोगावी काढत असेल. प्रत्येक अवयवाचं नाव सांगितलं, पुस्तकातलंही आणि गावात बोलतात तेही. मूल कसं राहतं ते सांगितलं. नवराबायकोचं नातं देवानंच केलेलं आहे, त्यात घाण काही नाही, पण ते मोठ्या, कळत्या, एकमेकांचे झालेल्या माणसांचं असतं, हे सांगितलं. तिची मान आधी खाली होती, हळूहळू वर आली. शेवटी ती म्हणाली, “तुझं अंग तुझं हाये. कुनीबी, पाळक असो, मास्तर असो, घरचा माणूस असो, तुला नको वाटतंय तसा हात लावत असंल, आन् वरून सांगत असंल की कुनाला सांगू नको, तर तो गुन्हा हाये. तुझा न्हाई, त्याचा. समजलं?”

मी जमिनीवरच्या चित्राकडं बघत होते. बाहेर मळणीयंत्राचा एकसारखा आवाज येत होता. मी म्हटलं, “चार वाजता मला मामांनी खोलीवर बोलावलंय. एकटीला.”

आईनं काडी खाली ठेवली. “सांग,” ती म्हणाली. मी सगळं सांगितलं. आता मला सांगता येत होतं. आईनं मधे एकदाही ‘काहून’ विचारलं नाही, की तू गेलीसच कशाला, असं म्हणाली नाही. माझं सांगून झाल्यावर तिनं मला जवळ ओढलं. तिच्या साडीला डेटॉलचा वास होता.

चार वाजून गेले. थोड्या वेळानं दारावर थाप पडली. “ताई, करुणा आली न्हाई?” तोच हसरा आवाज. आईनं मला आतल्या खोलीत जायला सांगितलं आणि दार उघडलं. मी फटीतून ऐकत होते.

“येणार न्हाई,” आई म्हणाली.

“बरं न्हाई का पोरीला? मी बघतो की.” चपला काढल्याचा आवाज आला.

“चपला घाल, प्रभाकर.”

आईनं त्यांना पहिल्यांदाच एकेरी नावानं हाक मारली होती. ते अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणाले, “ताई, पोरी या वयात कायबी बोलतात. तुमी नर्स हाव, तुमाला काय सांगायचं. गावात बोभाटा झाला तर तुमच्याच लेकराचं लगीन व्हायचं न्हाई. माझं काय, मी आज इथं, उद्या तिथं.” ते धमकी देत नव्हते, काळजीच करत होते असं वाटावं, असा तो आवाज होता. आजही कुणी फार काळजीच्या सुरात बोललं की माझ्या पाठीतून शिरशिरी जाते.

बाबा दिवेलागणीला आले. आईनं त्यांना पाणीही न देता सगळं सांगितलं. ते भिंतीला पाठ लावून खालीच बसले. तेवढ्यात मंडळीच्या पंचांपैकी एक, सालोमनकाका आले. त्यांच्या कानावर प्रभाकरमामांनी आधीच काहीतरी घातलं होतं. ते बाबांना म्हणाले, “पाळकसाहेब, आपली धा-बारा घरं. गावाला समजलं तर म्हनतील, बघा यांच्या देवळात काय चालतं. उद्या आपल्याला पिठाच्या गिरणीत कुनी उभं करणार न्हाई. नाताळ होऊ द्या, मंग त्याला गुपचूप दुसरीकडं धाडू.”

काकांचं सगळंच खोटं नव्हतं. आम्ही थोडे होतो, गाव मोठं होतं. बाबा म्हणाले, “त्याच्यासाठी प्रार्थना करू. त्याला समज देऊ.”

“समज त्याला हाये,” आई म्हणाली. “समज न्हाई ती आपल्या लेकरांला. ती आपुन दिली न्हाई. आन् दुसरीकडं धाडायचं म्हनजे दुसऱ्याच्या लेकरांकडं धाडायचं. आपल्याकडं बी त्याला असंच कुनीतरी धाडलं असंल.”

काका निघून गेले. बाबांनी त्या संध्याकाळी ग्रंथ उघडला, पण मोठ्यानं वाचला नाही. एकटेच कंदिलाजवळ बसून पानं मागं-पुढं करत राहिले.

रविवारी प्रार्थनाघरात ओल्या चुन्याचा वास होता. मला वाटलं होतं, तो माणूस येणार नाही. पण तो आला, पेटी घेऊन. पांढरा स्वच्छ सदरा, केसांना तेल. सगळ्यांना सलाम करून पेटीवर बसला आणि वाजवायला लागला. त्याची बोटं नेहमीसारखीच चालत होती. मी आईचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा वळ माझ्या हातावर उठला. रूथ मागच्या भिंतीशी होती. पेटी सुरू झाली तशी ती उठली, पण त्या दिवशी रत्नाबाईनं तिला खाली बसवलं.

बाबांनी लहान मुलांना अंगणात पाठवलं आणि गाळलेल्या पानांपैकी एक उघडलं. त्यात एका राजाच्या लेकीची गोष्ट होती. घरातल्याच माणसानं तिला आजारपणाचं ढोंग करून एकटीला खोलीत बोलावलं, आणि पुढं जे केलं ते. बाबांचा आवाज दोनदा बसला. तरी त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “राजाला हे समजलं तेव्हा त्याला फार राग आला. आणि त्यानं काहीच केलं नाही. त्या घरात पुढं रक्त सांडलं, ते तुम्हाला माहीत आहे. मी पाळक आहे, बाप आहे. हे पान मी आजवर माझ्या लेकरांना वाचून दाखवलं नाही.” मग त्यांनी पेटीकडं पाहिलं. “प्रभाकर, तिथून ऊठ.”

पेटीचा भाता दाबला जाताना उसासा टाकल्यासारखा आवाज आला. तो उठला. रांगांमधून, कुणाकडं न बघता, सावकाश बाहेर गेला. पळाला नाही. दाराशी वाकून त्यानं चपला नीट घातल्या.

बाबा म्हणाले, “आता आईबापांनी इथंच थांबायचं. करुणाची आई बोलणार आहे.” आई उभी राहिली. तिनं पहिलाच शब्द उच्चारला तसे एक गृहस्थ ताडकन उठले, “पाळकसाहेब, हे देवाचं घर हाये!”

“म्हणूनच,” बाबा म्हणाले.

जवळजवळ अर्धे लोक बाहेर गेले. त्यातले बरेच नंतर कधीच परत आले नाहीत. जे बसले ते मान खाली घालून बसले. आईनं त्यांना सांगितलं की लेकरांशी अंगाविषयी, लग्नाविषयी, इच्छेविषयी बोलायचं, लाज वाटली तरी बोलायचं, आणि लाज वाटते हेही लेकराला सांगायचं. लेकरू अडखळत काही सांगत असेल तर त्याच्या पुढच्या शब्दाची वाट बघायची. “माझ्या लेकरानं मला सांगायला तोंड उघडलं होतं,” ती म्हणाली, “आन् मी भाकरी उलटायला गेले.”

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यातलं बरंच मोठ्यांनी माझ्यापासून दूर ठेवलं. सोमवारी बाबा आणि रूथचे वडील पोलीस ठाण्यात गेले. तोवर तो खोलीला कुलूप लावून गेला होता. बऱ्याच महिन्यांनी तो एका नातेवाइकाकडं सापडला. खटला लांबला, शिक्षा झाली, आम्हाला वाटली होती त्यापेक्षा कमी. त्याच्या आधीच्या मंडळीतली एक बाई स्वतःहून साक्ष द्यायला आली. ती म्हणाली, आमच्याकडं सगळ्यांना माहीत होतं. गिरणीत कुणी आम्हाला अडवलं नाही. काही जण कुजबुजले, काही जणींनी मात्र आपल्या पोरींना आईकडं आणून बसवलं, त्यात शेजारच्या पाटलांची सूनही होती. रूथ पुढं शिकली. ती कुठं आहे ते मी लिहिणार नाही, तिनं तसं सांगितलंय.

पण त्या रविवारचं सगळ्यांत स्पष्ट आठवतं ते दुपारचं. लोक पांगले होते. आमच्या दारातून रस्त्यावरचा थांबा दिसायचा. रत्नाबाई आणि रूथ तिथं दगडावर बसून गाडीची वाट बघत होत्या. दोघी आधी नुसत्याच बसल्या होत्या. मग रत्नाबाईनं काहीतरी विचारलं. रूथनं मान हलवली नाही, वरही पाहिलं नाही. रत्नाबाईनं परत विचारलं नाही. ती तशीच, अंगठ्यानं माती उकरत, पोरीकडं बघत बसून राहिली. हिंगोलीची एसटी आली, थांबली. कंडक्टरनं हात हलवून हाक मारली. त्याच वेळी रूथ बोलायला लागली. रत्नाबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. कंडक्टरनं घंटी मारली आणि एसटी दोघींना तिथंच ठेवून धूळ उडवत निघून गेली. त्या दिवशी त्यांच्या गावाला दुसरी गाडी नव्हती.

आई माझ्या मागं येऊन उभी होती. ती किती वेळ उभी होती, मला माहीत नाही.

“करुणा,” ती म्हणाली, “दोघींच्या भाकरी वाढीव टाक.”